वाऱ्याची हद्द

हाफोद-वेनची नेस्टा सकाळी दार उघडलं की उंबऱ्यातच थांबायची. आधी डावा गाल पुढे करायची, मग उजवा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाई डोंगराकडून मुका घेते आहे. आमच्या खोऱ्यात तसं म्हणणारे होतेही. लग्न केलं नाही तिनं, मग कुणाकडून घेणार, असंही वर म्हणायचे. पण ती वारा बघायची. वारा कुठला हे गालाला कळल्याशिवाय ती किटली चुलीवर ठेवत नसे. ही सवय तिला सत्तेचाळीस सालात लागली. त्याआधी चव्वेचाळीस वर्षं ती आपल्या सगळ्यांसारखीच दार उघडून नुसती आभाळाकडे बघायची.

तिचा जन्म त्याच घरातला, आणि घर जमीनदाराचं. तिचा बाप इथेल कुळ होता, इथेलचा बापही कुळ. आई नेस्टाच्या नवव्या वर्षी गेली. धाकटा भाऊ दक्षिणेला कोळशाच्या खाणीत गेला आणि तिकडचाच झाला. राहिली नेस्टा आणि इथेल, आणि फोएलचा डोंगर. ती बुटकी होती, हात मात्र लांब. दोन काखांत दोन कोकरं धरून ती चिखलातून चालत यायची, आणि घरी आल्यावर बापाला ओटची भाकरी ताकात कुस्करून द्यायची. चॅपेलमध्ये तिचा आवाज खालच्या पट्टीत लागायचा. तो कधी वेगळा ऐकू आला नाही, पण ती ज्या रविवारी नसे त्या रविवारी सगळं गाणं पोकळ वाटायचं.

इंग्रजी तिला कुत्र्यापुरतं येई. आमच्याकडे कुत्र्याला हुकूम इंग्रजीतच देतात, का ते कुणी सांगू शकत नाही. ये, जा, डावीकडून, उजवीकडून, बस, थांब, एवढे शब्द तिच्याजवळ होते आणि पेरो नावाच्या तिच्या कुत्र्याला त्याहून जास्त लागत नव्हते. डोंगराच्या पलीकडच्या पेनरिवचा वॉटकिन म्हणायचा, हाफोद-वेनमध्ये इंग्रजी जाणणारा एकच जीव आहे आणि त्याला चार पाय आहेत.

हा वॉटकिन साठीचा, विधुर, चॅपेलमधला डीकन, म्हणजे तिथल्या पंचांतला एक. उंच, वाकलेला, जीभ कात्रीसारखी. त्याचं इंग्रजी चांगलं होतं. तरुणपणी तो दोन वर्षं लिव्हरपूलला दुधाच्या धंद्यात होता. हाफोद-वेनचा बाक आणि पेनरिवचा बाक चॅपेलमध्ये शेजारी शेजारी. दोन्ही घरांनी तीन पिढ्या एका पुस्तकातून भजनं म्हटली आणि तीन पिढ्या एका गोष्टीवरून मनात गाठ बाळगली. ती गोष्ट म्हणजे वाटी.

फोएलचा माथा दक्षिणोत्तर पसरलेला. पश्चिमेचा उतार हाफोद-वेनचा, पूर्वेचा पेनरिवचा, दोन्ही एकाच जमीनदाराचे. माथ्यावर ना गडगा, ना तार. खालच्या शेतांना दगडी गडगे आहेत, पण वर डोंगर उघडा. हद्द कुठे, हे मेंढ्यांना ठाऊक. आई कोकराला घेऊन हिंडते, इथपर्यंत आपलं, इथून पुढं नाही, हे ते दूध पिता पिता शिकतं, आणि पुढं आपल्या पोराला शिकवतं. कुळं येतात आणि जातात, मेंढ्या डोंगर सोडत नाहीत. म्हणून आमच्याकडे घर सोडताना कळप नेत नाहीत. तो डोंगराबरोबर राहतो.

माथ्याच्या बरोबर मधोमध एक खोलगट जागा आहे, शंभर पावलं लांब, मध्ये झरा. तीच वाटी. दोन्ही बाजूंना काठ उंच. तिथलं गवत कोवळं आणि निवारा असा की बाहेर माणूस उडून जावा आणि आत मेणबत्ती जळावी. जूनमध्ये लोकर कातरणीसाठी हाफोद-वेनची माणसं डोंगर गोळा करायला जात तेव्हा वाटीत त्यांच्याच मेंढ्या सापडत. वाटी आपली, हे इथेलला यात दिसे. पेनरिवची माणसं एप्रिलात, विण्याच्या आधी, जात तेव्हा वाटीत त्यांच्या मेंढ्या सापडत. वाटी आपली, हे वॉटकिनला यात दिसे. एकमेकांची चुकार मेंढी तिथं दिसली तर दोघंही तिला चोरटी म्हणत. भांडण चॅपेलपर्यंत कधी आलं नाही, पण वॉटकिन प्रार्थनेत शेजाऱ्याच्या मालमत्तेचा लोभ धरू नये हे वाक्य जरा सावकाश म्हणायचा, आणि इथेल त्या वाक्याला जरा मोठ्यानं आमेन म्हणायचा.

मग ते साल उजाडलं.

वर्षाच्या पहिल्या दिवशी दक्षिणेतल्या खाणी सरकारच्या झाल्या. भावाचं पत्र आलं, खाणीच्या तोंडावर पाटी लागली, आता ही खाण लोकांची. इथेलनं ते दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाला, बरं झालं, डोंगर अजून मेंढ्यांचाच आहे. जानेवारी संपता संपता पूर्वेचा वारा सुटला आणि बर्फ पडू लागला. आधी कुणी मनावर घेतलं नाही. बर्फ आमच्याकडे दरवर्षी पडतो, चार दिवस राहतो आणि जातो. हा गेला नाही. सात आठवडे पूर्वेचा वारा एकाच दिशेनं वाहत होता, आणि बर्फ पडायचा थांबला तरी तो उडतच होता. गडगे बुडाले, मग गडग्यांच्या खुणा बुडाल्या. घरातून गोठ्यात जायला बोगदा खणावा लागला. पाव आणायला माणसं बुडालेल्या गडग्यांवरून चालत सात मैल गेली. इथेल पहिल्याच आठवड्यात मेंढ्या शोधायला गेला आणि कमरेत मोडून परत आला. तो पुन्हा बिछान्यातून उठला नाही.

नेस्टा लांब काठी बर्फात खुपसत फिरायची. पेरो हुंगायचा, जिथं बसायचा तिथं ती खणायची. सतराव्या दिवशी खालच्या गडग्याच्या आडोशाला अकरा मेंढ्या जिवंत निघाल्या. त्यांच्या श्वासानं बर्फात एक पोकळी झाली होती आणि भुकेनं त्यांनी एकमेकींची लोकर खाल्ली होती. उघड्या पडलेल्या पाठी घेऊन त्या बाहेर आल्या आणि उन्हाकडे बघून शिंकल्या. आम्ही मेंढ्या विसांनी मोजतो. वीस विसांचा कळप होता. राहिल्या अकरा.

मार्चमध्ये बर्फ वितळला आणि ओढे भरून वाहिले. त्या महिन्यात खोऱ्यात कुणी कुणाच्या घरी बसायला गेलं नाही. सगळे आपापली मेलेली जनावरं ओढून आणत होते. वॉटकिनच्याही नऊच वाचल्या. पण त्याच्या मेलेल्या मेंढ्या कुठं सापडल्या, ते सगळ्या खोऱ्याला कळलं. सहा विसा एका जागी, वाटीत, पूर्वेच्या काठाखाली, एकमेकींना चिकटून. प्रत्येकीच्या डाव्या कानाला दुहेरी खाच, पेनरिवची खूण. हाफोद-वेनची खूण, उजव्या कानाचं टोक कापलेलं, त्यात एकही नव्हती.

वॉटकिन पुढच्या रविवारी चॅपेलच्या दारात इथेलची चौकशी करायला थांबला. चौकशी झाल्यावर हलक्या आवाजात म्हणाला, "नेस्टा, माझी जित्राबं मरायलाही त्याच जागी गेली. आता तरी वाटी कुणाची ते मान्य करा."

त्यात टोमणा नव्हता. त्याचे डोळे लाल होते.

एप्रिलच्या शेवटी जमीनदाराचा कारभारी आला, मिस्टर ऑक्ली नावाचा, इंग्रज, बोलायला सभ्य. इथेलच्या खाटेशी तो टोपी काढून बसला. वॉटकिनला दुभाष्या म्हणून बोलावलं होतं. ऑक्लीचं म्हणणं असं: कळप डोंगराचा होता, तो गेला. जमीनदार दोन्ही घरांना नव्या मेंढ्या देईल, हाफोद-वेनला दहा विसा. पण परक्या मेंढ्या डोंगरावर टिकतील का? त्या आपल्या गावाच्या दिशेनं चालू लागतात, हे सगळ्यांना ठाऊक. तर एक नोव्हेंबरला, हिवाळा बसतो त्या दिवशी, नवीन करार करू. तोवर कळप डोंगरावर रुळला, आणि माथ्यावरच्या हद्दीचा वाद मिटला, तर करार नेस्टाच्या नावे. नाहीतर सगळा डोंगर पेनरिवला जोडून टाकू. इथेल असेपर्यंत घरात राहा, पुढचं पुढं.

वॉटकिननं हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना त्यानं खिडकीकडे पाहिलं.

ऑक्ली गेल्यावर इथेल भिंतीकडे तोंड करून म्हणाला, की त्याला या खाटेवरून एकदाच उचलायचं, तेही चॅपेलच्या मागच्या जागेत न्यायला. दुसऱ्या कुठल्या घरात नाही. नेस्टानं हो म्हटलं आणि ताक आणायला गेली.

मेंढ्या मे महिन्यात रेल्वेनं आल्या, दूरच्या टेकड्यांवरच्या. चेहऱ्यावर करडे ठिपके, पाय जरा उंच. स्टेशनापासून नेस्टानं त्या चालवत आणल्या, फोएलवर सोडल्या आणि त्या सरळ दक्षिणेकडे चालू लागल्या. त्यांचं घर तिकडं होतं. पहिल्या आठवड्यात तिनं आणि पेरोनं त्यांना किती वेळा वळवून आणलं याची गणती नाही. तेव्हा तिनं ठरवलं. इथेलच्या बहिणीला, म्हाताऱ्या मोडलेनआत्याला, घरी आणून ठेवलं. आणि स्वतः माथ्याखालच्या जुन्या दगडी खोपीत राहायला गेली. छप्पर उडालेलं होतं, त्यावर ताडपत्री टाकली. दुपारी मेंढ्या रवंथ करत बसल्या की खाली उतरायची, बापाचं अंग पुसायची, जेवायची आणि उन्हं कलायच्या आत वर. रोज सकाळी खोपीच्या भिंतीवर ती पिठाचं एक पांढरं रिकामं पोतं वाळत घालायची. इथेल खिडकीतून ते पांढरं टिंब दिसेपर्यंत चहा घेत नसे.

नवीन मेंढ्यांना डोंगर शिकवायचा म्हणजे काय? मेंढी संध्याकाळी वर चढते आणि सकाळी खाली उतरते. त्या दोन्ही वेळांना हद्दीवर उभं राहायचं. ओरडायचं नाही, कुत्रा सोडायचा नाही. नुसतं उभं राहायचं. मेंढी येते, बघते, इथं कुणीतरी आहे म्हणून वळते. असं शंभर वेळा झालं की कुणी नसलं तरी वळते. नेस्टा शंभरदा उभी राहिली, दोनशेदा राहिली. पण खरं शिकवलं त्या अकरा जणींनी. त्यांची लोकर आता ठिगळांसारखी उगवत होती आणि दात झिजले होते. अशा मेंढ्या विकून टाकतात. शेजाऱ्यांनी तिला तेच सुचवलं. तिनं त्या नवीन कळपात एक एक करून वाटल्या. महिन्याभरात प्रत्येकीच्या मागं एक एक टोळी झाली. म्हाताऱ्या पुढं, परक्या मागं. ज्या दगडाशी म्हातारी थांबे त्या दगडाशी सगळ्या थांबत.

रविवारचा प्रश्न आला. आमच्याकडे रविवारी विळा उचलत नाहीत, बटाटेही शनिवारीच सोलून ठेवतात. आणि ही बाई रविवारी डोंगरावर मेंढ्या वळवते. डीकन म्हणून वॉटकिनलाच तिच्याशी बोलायला पाठवलं. तो धापा टाकत वर चढला, खोपीशी बसला, पाणी प्यायला आणि विचारलं, हे काम आहे की नाही?

"मी काही करत नाही," ती म्हणाली. "मी नुसती उभी असते. चॅपेलमध्ये तुम्हीही तेच करता."

वॉटकिन हसला नाही, पण खाली जाऊन त्यानं सांगितलं, की बाई उभी असते, हातात भजनाचं पुस्तक असतं, मला काम दिसलं नाही. पुस्तक खरंच होतं. त्यात ती अंगठा घालून ठेवायची.

कातरणीच्या दिवशी एरवी तीस चाळीस माणसं यायची, एका कुळाकडून दुसऱ्या कुळाकडे, बदल्यात बदली. त्या जूनमध्ये सहाजण आले आणि जेवणाच्या आत उरकून गेले. पण मेंढ्या गोळा करायला नेस्टा वर गेली तेव्हा अर्ध्याहून जास्त तिला वाटीत सापडल्या. म्हाताऱ्या आधी पश्चिमेच्या काठावरून आत उतरत आणि त्याच काठाच्या पोटाशी बसत, नवीन त्यांच्याभोवती. पश्चिमेचा ओला वारा डोक्यावरून जाई. सगळा उन्हाळा असाच. पेनरिवच्या मेंढ्या, नऊ म्हाताऱ्या आणि त्यांच्या मागच्या नव्या, पूर्वेच्या उतारावर खाली खाली असत. नेस्टानं बापाला सांगितलं. इथेलच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला. म्हणाला, आता ऑक्लीनं येऊन डोळ्यांनी बघावं.

ऑगस्टमध्ये उन्हानं गवत पिवळं पडलं, झरा बोटाएवढा झाला. सप्टेंबरच्या शेवटी हवा फिरली.

त्या सकाळी ती हद्दीवर उभी राहिली आणि काहीतरी वेगळं वाटलं. पुस्तकाची पानं उलट्या बाजूला उडत होती. पूर्वेचा वारा, कोरडा, धार लावल्यासारखा. त्या हिवाळ्यानंतर तो पहिल्यांदाच असा वाहत होता. तिनं मेंढ्यांकडे पाहिलं. अकरापैकी एकही वाटीकडे वळली नाही. त्या उतारानं खाली खाली आल्या, गडग्याच्या वर, जिथं डोंगरच त्यांच्या आणि वाऱ्याच्या मध्ये होता. नवीन त्यांच्या मागं. नेस्टाला वाटलं, हिवाळ्याची आठवण झाली असेल, भ्यायल्या असतील.

मग ती वर चढली आणि पश्चिमेच्या काठावरून वाटीत डोकावली.

समोरच्या काठावरून पेनरिवच्या मेंढ्या उतरत होत्या. पुढं डाव्या कानाला दुहेरी खाच असलेल्या नऊ म्हाताऱ्या, अगदी सावकाश, घरात शिरल्यासारख्या. मागं वॉटकिनच्या नव्या. त्या पूर्वेच्या काठाच्या पोटाशी बसल्या आणि रवंथ करू लागल्या. त्यांनी नेस्टाकडे पाहिलं, आणि तू इथं कशाला, असं वाटावं तशी मान फिरवली.

तीन दिवस पूर्वेचा वारा होता आणि तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी वारा पश्चिमेला फिरला, पेनरिवच्या मेंढ्या उठून आपल्या उतारावर गेल्या, आणि दुपारपर्यंत हाफोद-वेनच्या वाटीत आल्या. कुणी कुणाला हाकललं नाही. तिला सगळं कळलं. जूनमध्ये आपली माणसं जातात तेव्हा वारा पश्चिमेचा असतो. एप्रिलात पेनरिवची जातात तेव्हा पूर्वेचा. दोघांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, दोघं खरं बोलत होते आणि दोघांनाही वर्षाचा अर्धाच भाग ठाऊक होता. आणि त्या हिवाळ्यात सात आठवडे एकच वारा होता.

ती दुपारी घरी गेली आणि बापाला सांगितलं. इथेलनं छताकडे बघत विचारलं,

"कारभारी कधी यायचाय?"

"सात तारखेला."

"तेव्हा वारा पश्चिमेचा असेल," तो म्हणाला. ऑक्टोबरात बहुतेक असतोच.

पुढं तो काही बोलला नाही. न बोललेलं तिला नीट ऐकू आलं. आपण गप्प राहायचं. ऑक्ली वर येईल, वाटीत आपल्या मेंढ्या बघेल, नकाशावर रेघ मारेल, करार होईल. खोटं काही बोलायचंच नाही. ती वर गेली आणि सात तारखेपर्यंत रोज सकाळी दोन्ही गाल वाऱ्याला देत राहिली. पूर्वेचा वारा असता तर बोलायचं की नाही हा प्रश्न आपोआप सुटला असता. तो आला नाही.

सात तारखेला पश्चिमेचा ओला वारा होता. ऑक्ली भाड्याच्या घोड्यावरून अर्ध्यापर्यंत आला आणि पुढं चालत. वॉटकिन पूर्वेकडून काठी टेकत आला. तिघं पश्चिमेच्या काठावर उभे राहिले. खाली वाटीत दहा विसांतल्या सात आठ विसा तरी बसल्या होत्या, करड्या ठिपक्यांच्या, आणि त्यांच्यामध्ये ठिगळ्या लोकरीच्या म्हाताऱ्या. सगळ्यांच्या उजव्या कानाचं टोक कापलेलं. वॉटकिननं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. त्याच्या हातातली काठी मातीत रुतत गेली.

ऑक्लीनं नकाशा काढला. वाऱ्यात तो फडफडू लागला म्हणून त्यानं गुडघ्यावर धरला. तो इंग्रजीत काहीतरी बोलला आणि पूर्वेच्या काठावरून बोट फिरवलं. तार तिथून टाकायची, हे नेस्टाला न सांगताही कळलं. सगळी वाटी हाफोद-वेनला.

"वॉटकिन," ती म्हणाली, "त्यांना सांगा, आज पश्चिमेचा वारा आहे म्हणून आमच्या इथं आहेत."

वॉटकिननं वर पाहिलं.

मग तिनं सगळं सांगितलं, सावकाश, मध्ये न थांबता. पूर्वेचा वारा असला की आमच्या खाली जातात आणि तुमच्या त्या समोरच्या काठाखाली येतात. मी तीन दिवस पाहिलं. तुमच्या नऊ जणी पुढं होत्या. हिवाळ्यात त्या इथं मेल्या कारण ही जागा त्यांचीच होती, त्या वाऱ्याला. आणि या वाऱ्याला ती आमची.

खालून एका मेंढीच्या खोकल्याचा आवाज आला. नेस्टाला तेव्हा उमगलं, की आपण बोललेल्यातलं अर्धंच त्यानं इंग्रजीत सांगितलं तर काय होईल. नेस्टा कबूल करते, वाटी माझी आहे, तिनं माझ्या मेंढ्या इथं पाहिल्या. एवढं पुरलं असतं. तार पश्चिमेच्या काठावरून गेली असती, आणि कदाचित सगळा डोंगरही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्याजवळ सहा शब्द होते.

वॉटकिन घसा साफ करून बोलू लागला. हळू बोलत होता, एरवीपेक्षा खूपच हळू. आणि बोलता बोलता त्यानं काठी उचलून पश्चिमेकडे धरली आणि म्हणाला, ये. मग पूर्वेकडे धरली आणि म्हणाला, जा. मग उत्तरेला तोंड करून काठी फिरवली. उजवीकडून, ये. डावीकडून, जा. थांब. बस. तिचे सगळे सहा शब्द त्यानं वापरले, एक एक, तिला ऐकू जातील असे. पायाशी बसलेला पेरो प्रत्येक शब्दाला कान टवकारत होता आणि शेवटच्या शब्दाला पोटावर आडवा झाला.

ऑक्लीनं कुत्र्याकडे पाहिलं, मग वॉटकिनकडे. त्यानं काहीतरी विचारलं. वॉटकिननं उत्तर दिलं आणि मग नेस्टाकडे वळून सांगितलं, "विचारतो, मग वाटी नक्की कुणाची. मी म्हटलं, ज्याच्या बाजूनं वारा त्याची."

"मग काय म्हणतो?"

"म्हणतो, वारा नकाशावर काढता येत नाही."

"मग काढू नका म्हणावं."

"तेच म्हटलं मी," वॉटकिन म्हणाला. "आणि तार टाकली तर दोघांच्याही मेंढ्या तारेशी मरतील, हेही सांगितलं. मेलेल्या मोजायला मी पुन्हा इथं येणार नाही."

ऑक्ली वाईट माणूस नव्हता. त्याला शिकवलेलंच तेवढं होतं. त्यानं नकाशाची घडी घातली आणि जाता जाता सांगितलं, की माथ्यावर पूर्वीची वहिवाट चालू राहील असं लिहीन. पण कळप रुळला की नाही, ते गोळा केल्यावरच ठरेल.

ऑक्टोबरच्या अखेरीस डोंगर गोळा केला. पहिल्यांदाच दोन्ही घरांनी एका दिवशी केला, आणि आदल्या दिवशी वॉटकिननं निरोप पाठवला, वारा कुठला ते तू बघ, तुझा गाल माझ्यापेक्षा तरुण आहे. अकरा म्हाताऱ्या आणि दहा विसा नव्या, त्यांत सहाच कमी निघाल्या. त्यातल्या दोन कोल्ह्यानं नेल्या होत्या. करार हिवाळा बसला त्या दिवशी झाला, नेस्टाच्या नावे. सही करताना तिनं हात दोनदा पुसला.

इथेलला पुढच्या फेब्रुवारीत त्या खाटेवरून उचललं, एकदाच. पेनरिवचा वॉटकिन शवपेटीच्या डावीकडच्या पुढच्या कोपऱ्याला होता. चॅपेलच्या मागच्या चढावर त्याचा पाय घसरला तेव्हा तो पुटपुटला, की इथेल मेल्यावरही चढावरच नेतोय. नेस्टाला हसू आलं आणि तिनं ते रुमालात धरलं.

ती पुढं एकतीस वर्षं जगली. अकरा म्हाताऱ्यांपैकी एकही तिनं विकली नाही. दात गेल्यावर त्यांना भिजवलेले ओट चारले. शेवटची पन्नास साली वाटीत बसली असताना मेली, पश्चिमेच्या काठाखाली. वारा कुठला होता हे सांगायला नको. तोवर करड्या ठिपक्यांच्या मेंढ्यांना तीन वेळा कोकरं झाली होती, आणि त्या कोकरांना कुणा माणसानं काही शिकवलं नव्हतं. आजही माथ्यावर तार नाही. पेनरिवची नवी माणसं कधी कधी विचारतात, वाटी नेमकी कुणाची, कागद कुठं आहे. त्यांना आम्ही म्हणतो, उद्या सकाळी दार उघडा आणि गाल पुढं करा.